स्ट्रट्सवरून स्प्रिंग बूटवर: बॅलार्ड इस्टेटमधून एक परीक्षण

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ जाणार नाही. तुमच्याकडे जेएसपी पानांचं (एचटीएमएलमध्येच जावा कोड लिहिता येणाऱ्या पानांचं) जुनं जावा वेब ॲप्लिकेशन असेल, ते रोज माणसं वापरत असतील, बंद ठेवून नव्यानं लिहायची सोय नसेल आणि टीम लहान असेल, तर स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क (ॲप्लिकेशन उभारायचा तयार सांगाडा) घ्या. ते सगळ्यांत वेगवान नाही, सगळ्यांत सुटसुटीतही नाही. पण जुन्याच्या शेजारी बसून एकेक पान हळूहळू ताब्यात घेणं मी पाहिलेल्यांपैकी त्यालाच सगळ्यांत चांगलं जमतं. जुनं ॲप्लिकेशन हलवताना याहून मोलाचा गुण नाही, असं माझं ठाम मत झालंय.

कुठल्या कामाच्या आधारावर बोलते आहे तेही सांगायला हवं. बॅलार्ड इस्टेटमध्ये न्यू कस्टम हाउसच्या आसपास क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची जी ऑफिसं आहेत, त्यांतल्या एकात मी सॉफ्टवेअर सांभाळते. न्हावा शेवाला कंटेनर उतरला की बिल ऑफ एंट्री, ड्युटी, डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसमधून (कंटेनर ठेवायच्या-रिकामे करायच्या यार्डातून) माल उचलणं, रिकामा कंटेनर परत करणं, या सगळ्याचा माग आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये राहतो. फ्री डेज (फुकट मुदतीचे दिवस) संपले की शिपिंग लाइन डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) लावते, सीएफएस ग्राउंड रेंट लावतं, आणि तो भुर्दंड कुणाच्या माथी मारायचा यावरून पार्टीशी वाद होतात. त्या वादात आमच्या लोकांच्या हातात पुरावा असतो तो याच पडद्यावरच्या तारखांचा. त्यामुळे ॲप्लिकेशन भर दुपारी बंद ठेवणं इथे कुणी ऐकून घेत नाही.

हे सगळं स्ट्रट्स १ या जुन्या जावा फ्रेमवर्कमध्ये होतं. स्ट्रट्सला नावं ठेवायला मी बसलेली नाही. २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली तेव्हा लोक जेएसपीच्या पानातच डेटाबेसच्या क्वेरी लिहीत होते. विनंती कुणी घ्यायची, निर्णय कुणी करायचा, पान कुणी दाखवायचं, ही विभागणी जावावाल्यांच्या एका पिढीला स्ट्रट्सनंच शिकवली. पण त्याची शेवटची आवृत्ती, १.३.१०, २००८ ची. २०१३ मध्ये अपाचीनं, म्हणजे स्ट्रट्स सांभाळणाऱ्या संस्थेनं, अधिकृतपणे सांगितलं की आता यात सुधारणा होणार नाहीत. त्यानंतरही कितीतरी ऑफिसांत ते चालू राहिलं, कारण ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ हा आपल्याकडचा सर्वमान्य नियम आहे.

हात लावायला लागला तो मोठ्या आयातदारांमुळे. त्यांच्या सुरक्षा तपासणीची प्रश्नावली येते. त्यात एक रकाना असतो: आधार बंद झालेलं कुठलं सॉफ्टवेअर वापरता? तिथे स्ट्रट्स १ लिहिलं की पुढची बोलणी अडतात. आणि ती अडायलाच हवीत. २०१४ मध्ये, म्हणजे स्ट्रट्स १ चा आधार संपल्यावर, त्यात एक भोक सापडलं. फॉर्ममधली फील्डं जावाच्या ऑब्जेक्टमध्ये आपोआप भरण्याची जी सोय असते, तिच्यातूनच ‘क्लास’ या नावाच्या वाटेनं बाहेरच्याला थेट क्लासलोडरपर्यंत (जावाचा कोड मेमरीत आणणाऱ्या भागापर्यंत) पोचता येत होतं. गंमत नाही, हेच दुखणं २०२२ च्या मार्चमध्ये स्प्रिंगलाही (स्प्रिंग बूट ज्याच्यावर उभं आहे त्या मूळ फ्रेमवर्कला) झालं. जावा ९ मध्ये ‘मॉड्यूल’ ही नवी पायरी आली आणि त्याच दारानं पुन्हा आत शिरता आलं. लोकांनी त्याला स्प्रिंगफोरशेल म्हटलं. पण स्प्रिंगची दुरुस्त आवृत्ती ३१ मार्चलाच बाहेर आली होती. स्ट्रट्स १ साठी मात्र नवी अधिकृत आवृत्ती काढायला कुणी उरलंच नव्हतं. फ्रेमवर्क निवडताना मी हा फरक सगळ्यांत आधी बघते. भोकं प्रत्येकात निघतात. ती बुजवायला कुणी जागं आहे का, हा खरा प्रश्न.

पर्याय काय काय पाहिले ते थोडक्यात.

स्ट्रट्स २ हे नाव ऐकून वाटतं की ही सरळ पुढची आवृत्ती. तसं नाही. ते वेबवर्क नावाच्या वेगळ्या फ्रेमवर्कवर उभं आहे, ॲक्शन (विनंती हाताळणारा क्लास) लिहायची पद्धत वेगळी, टॅग वेगळे. म्हणजे काम नव्या फ्रेमवर्कइतकंच, आणि पदरात पडतं ते जुनंच नाव. शिवाय पानातून जावाच्या ऑब्जेक्टमधली माहिती गाठायच्या त्याच्या ओजीएनएल भाषेमुळे सुरक्षेच्या भानगडी वारंवार झाल्या. त्यातली २०१७ ची सगळ्यांना आठवत असेल: अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीकडची सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती त्याच वाटेनं गेली. दुरुस्ती मार्चमध्ये आली होती, ती लावली गेली नव्हती. स्ट्रट्स आजही जिवंत आहे, सातवी आवृत्ती जाकार्तावर (जावाच्या सर्व्हरकडच्या भागाच्या नव्या नावांवर, त्याबद्दल पुढे) चालते, आणि ज्यांचं सगळं त्याच्यावरच उभं आहे त्यांनी नेमानं अपडेट करत राहावं. पण १ वरून निघताना तिथे जाऊ नये.

जेएसएफ (पानाचे तयार तुकडे जोडून काम करणारं जावाचं फ्रेमवर्क) आणि त्यावरचा प्राइमफेसेस हा तयार तुकड्यांचा संच मी मनापासून विचारात घेतला होता. आमच्या पडद्यांवर मोठमोठे तक्ते आहेत, आणि प्राइमफेसेसचा तक्ता खरोखर चांगला आहे. पण जेएसएफ पानाची अवस्था सर्व्हरवर धरून ठेवतं, आणि आमची माणसं एका वेळी अनेक टॅब उघडून, मागे-पुढे करत काम करतात. सीएफएसच्या यार्डात उभा असलेला मुलगा मोबाइलवरून बघतो, नेटवर्क येतं-जातं. तिथे अवस्था हरवली की मधेच पान शिळं झाल्याचा संदेश येतो. वाडिन या फ्रेमवर्कचंही तसंच. सगळं जावात लिहायचं, जावास्क्रिप्टला हात लावायचा नाही, ही कल्पना सुंदर आहे, आणि आतल्या ऑफिसात चांगल्या लाइनवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनला ती छान जमेल. पण प्रत्येक क्लिक सर्व्हरकडे नेणारी रचना यार्डासाठी नको वाटली.

क्वार्कसबद्दल मात्र मनात खरं द्वंद्व होतं. २०१९ मध्ये रेड हॅटनं आणलेलं हे फ्रेमवर्क स्प्रिंग सुरू होताना करतं त्यातली बरीच कामं बिल्डच्या (कोड बांधून तयार करण्याच्या) वेळीच उरकून घेतं, म्हणून चटकन उभं राहतं आणि मेमरी कमी खातं. त्याच्या डेव्ह मोडमध्ये फाइल सेव्ह करून ब्राउझर रिफ्रेश केला की बदल समोर. ती सवय लागली की मागे फिरवत नाही. नवी लहान सेवा कोऱ्या पाटीवर लिहायची असती तर मी क्वार्कसच घेतलं असतं, आणि आमची ड्युटीच्या दरांची एक छोटी सेवा त्यातच आहे. मायक्रोनॉटही त्याच घराण्यातलं, तेही नेटकं. पण या दोघांची घडण मुळात सेवांसाठी. पानं, फॉर्म, चुकलेल्या फील्डखालचा लाल संदेश, भरलेलं तसंच ठेवून फॉर्म परत दाखवणं, या जुन्या पद्धतीच्या कामाला स्प्रिंग एमव्हीसीत (स्प्रिंगच्या वेब पानांच्या भागात) जी मुरलेली सोय आहे ती तिथे स्वतः जुळवावी लागते. आणि मुंबईत जावाची माणसं शोधताना दहापैकी नऊ बायोडेटांवर स्प्रिंगच लिहिलेलं असतं. लहान कंपनीनं हा विचार न करणं परवडत नाही.

आता मुख्य भाग: स्प्रिंग बूट जुन्याच्या शेजारी कसं बसतं.

इथे जावाच्या जगातली एक भिंत आधी समजून घ्यायला हवी. ओरॅकलनं २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाची नियमावली) एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, त्याचं नाव जाकार्ता ईई झालं. पण ‘जावाएक्स’ हे पॅकेजचं नाव पुढे वापरण्याबाबत दोघांचं जुळलं नाही, म्हणून जाकार्ता ईई ९ मध्ये सर्व्हलेटपासून (वेबवरची विनंती घेणाऱ्या जावाच्या मूळ भागापासून) सगळ्यांची पॅकेजची नावं बदलली. जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर टॉमकॅट: ९ पर्यंत जावाएक्स, १० पासून जाकार्ता. स्प्रिंग बूट २ पर्यंत जावाएक्स, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ३.० पासून जाकार्ता, आणि जावा किमान १७. स्ट्रट्स १ जन्मभर जावाएक्सवालं. म्हणजे स्ट्रट्स १ आणि बूट ३ एकाच वॉर फाइलमध्ये (सर्व्हरवर चढवायच्या ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्यात) जसेच्या तसे नांदू शकत नाहीत.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, दोन वेगळी ॲप्लिकेशनं दोन टॉमकॅटवर, पुढे एनजिनएक्स हा वाटप करणारा सर्व्हर ठेवून पत्त्यावरून वाटणी. यात लॉगिनचं सेशन (वापरणाऱ्याची सर्व्हरवर धरून ठेवलेली माहिती) दोघांत वाटून घ्यायला स्वतंत्र व्यवस्था लागते, आणि आमच्या जुन्या कोडनं सेशनमध्ये काय काय कोंबलं होतं ते पाहता ती वाट बिकट होती. दुसरी, टॉमकॅटचं स्थलांतराचं साधन जुन्या जार फाइलींमधली (जावाच्या तयार कोडच्या गठ्ठ्यांमधली) नावंच बदलून देतं, ते वापरून स्ट्रट्सलाच जाकार्तावर आणायचं. हे चालतं. पण त्यातून निघालेलं स्ट्रट्स जगात फक्त तुमच्याकडे असतं.

आम्ही तिसरी घेतली: आधी बूट २.७, स्ट्रट्स पूर्ण गेलं की मग ३. बूट २.७ जावाएक्सवालं असल्यानं ते स्ट्रट्सच्याच वॉरमध्ये, त्याच टॉमकॅट ९ वर, त्याच सेशनमध्ये राहतं. आणि इथे सर्व्हलेटच्या नियमावलीतला एक साधा नियम कामाला आला. पत्ता जुळवताना आधी तंतोतंत पत्ता, मग फोल्डरची सुरुवात, मग ‘डॉट डू’सारखं (.do) पत्त्याचं शेपूट, आणि शेवटी उरलेलं सगळं, असा क्रम असतो. स्ट्रट्सकडे डॉट डू होतंच. स्प्रिंगला ‘उरलेलं सगळं’ दिलं. एवढ्यावर वाटणी झाली. जुनं पान डॉट डूवर, नवं पान शेपटीशिवाय. पान हलवलं की जुन्या ॲक्शनच्या जागी नव्या पत्त्याकडे वळवणारी एक ओळ. लोकांनी ब्राउझरमध्ये साठवलेले पत्ते तसेच चालत राहिले आणि ऑफिसात कुणाला काही सांगावंही लागलं नाही.

बूट २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्येच संपला, हे लक्षात ठेवूनच ही पायरी वापरा. ती फक्त चढून जाण्यासाठी आहे. तिच्यावर मुक्काम केलात तर प्रश्नावलीच्या त्याच रकान्यात पुन्हा अडकाल. नवं कोरं काम असेल तर या पायरीची गरजच नाही.

पानं हलवताना खरा कस लागतो तो बारीकसारीक गोष्टींचा. त्यातली एक नीट सांगते. बुकिंगच्या फॉर्मवर ‘धोकादायक माल’ असा चेकबॉक्स आहे. ब्राउझरचा नियम असा की खूण केलेली असेल तरच ते फील्ड सर्व्हरकडे जातं, नसेल तर काहीच जात नाही. स्ट्रट्स १ मध्ये ॲक्शनफॉर्म (फॉर्ममधली माहिती धरणारा ऑब्जेक्ट) सेशनमध्ये ठेवलेला असला की आधीची ‘हो’ तशीच राहते, म्हणून त्याच्या रीसेट मेथडमध्ये ती खूण हातानं काढावी लागते. आमच्याकडे डॉक्युमेंटेशनला एक काका आहेत, त्यांची ही तक्रार फार जुनी. ‘मॅडम, मी खूण काढतो, सेव्ह करतो, परत उघडलं की बसलेलीच आहे.’ त्यांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता: फॉर्म रद्द करून नवा भरायचा. धोकादायक मालाची नोंद चुकीची राहणं म्हणजे काय, हे या धंद्यात कुणाला समजवायला नको. वेगळी कागदपत्रं, वेगळी जागा, वेगळे दर. स्प्रिंगच्या फॉर्म टॅगमध्ये किंवा थाइमलीफ या पानांचे साचे लिहायच्या साधनाच्या फील्ड ॲट्रिब्यूटमध्ये चेकबॉक्स लिहिला की तो शेजारी एक लपलेलं फील्डही टाकतो, त्याच नावाचं, पुढे अंडरस्कोअर लावलेलं. ते फील्ड आलं आणि मूळ फील्ड आलं नाही, याचा अर्थ माणसानं खूण काढली, असं स्प्रिंग ओळखतं. पान हलवल्यावर काकांनी खूण काढली, सेव्ह केलं, परत उघडलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या प्रशस्तिपत्राची गरज वाटली नाही. मात्र हा चेकबॉक्स साध्या एचटीएमएलमध्ये हातानं लिहिलात तर लपलेलं फील्ड येत नाही आणि तोच जुना घोळ नव्या घरातही होऊ शकतो. टीममधल्या मुलांना हे मुद्दाम दाखवा.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे, आणि इथे स्प्रिंगचे गुण मी कापते. सेव्हचं बटण दोनदा दाबलं तर दोन नोंदी होऊ नयेत, यासाठी स्ट्रट्स १ मध्ये टोकनची सोय तयार मिळते. पान दाखवताना टोकन ठेवायचं, सेव्ह करताना ते जुळतंय का पाहायचं, एकदा वापरलं की बाद. स्प्रिंग एमव्हीसीत असं काही तयार नाही. स्प्रिंग सिक्युरिटीचं (स्प्रिंगच्या लॉगिन-परवानग्यांच्या भागाचं) सीएसआरएफ टोकन पाहून अनेकांना वाटतं की तेच हे. ते वेगळ्या धोक्यासाठी आहे, दुसऱ्या साइटनं तुमच्या नावानं विनंती पाठवू नये म्हणून, तेच टोकन दुसऱ्या दाबण्यालाही चालतं. संध्याकाळी पाचनंतर, कस्टममधलं काम उरकून सगळे एकदम एंट्री करायला बसतात तेव्हा सेव्हला क्षणभर जास्त लागतो आणि बोट पुन्हा बटणावर जातं. आम्ही डेटाबेसमध्येच बुकिंगच्या विनंतीला एक अनन्य क्रमांक बांधला आणि सेव्हनंतर नेहमी दुसऱ्या पानाकडे वळवायचं असा नियम केला. चालतं नीट. पण इतक्या वर्षांच्या फ्रेमवर्कमध्ये हे आयतं मिळायला हवं होतं.

मराठीचा मुद्दा आपल्या लोकांना जवळचा वाटेल. आमच्या यार्डातल्या पडद्यांवर लेबलं मराठीत आहेत. जुन्या जावात प्रॉपर्टीज फाइलमध्ये थेट देवनागरी लिहिता येत नसे, प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहावा लागे. त्यासाठी जेडीकेबरोबर (जावाच्या विकाससंचाबरोबर) एक वेगळं साधनही यायचं. परिणाम असा की ती फाइल उघडली तर नुसत्या आकड्यांच्या रांगा. लेबलमधली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करायलाही प्रोग्रामर लागायचा. जावा ९ पासून लेबलांच्या या फाइली यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी थेट चालणाऱ्या पद्धतीत) वाचल्या जातात आणि स्प्रिंग बूट संदेशांच्या फाइलींसाठी मुळातच यूटीएफ-८ धरतं. आता फाइलमध्ये ‘रिकामा कंटेनर परत’ असं सरळ लिहिलेलं दिसतं. यार्डाचं काम बघणाऱ्या ताईंनी पूर्ण फाइल वाचून कितीतरी शब्द बदलून दिले. ‘अनलोड केले’च्या जागी ‘माल उतरवला’ आलं. माझ्या दृष्टीनं हा या बदलाचा मोठा फायदा आहे, आणि कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात तो नसतो.

आता हिशेबाचा कोड. डिटेन्शनचा हिशेब जुन्या ॲक्शन क्लासच्या एक्झिक्यूट मेथडमध्ये लिहिलेला होता, तोही रिक्वेस्टमधून अक्षरी तारखा उचलून, मधेच सेशनमधून पार्टीचा प्रकार काढून, शेवटी कुठल्या पानावर जायचं तेही तिथेच ठरवून. हा कोड फ्रेमवर्कशिवाय उभाच राहू शकत नव्हता. ब्राउझर न उघडता तो तपासताही येत नव्हता. स्थलांतराचा खरा खर्च इथे असतो. टॅग बदलणं कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. फ्रेमवर्क तुमच्या धंद्याच्या नियमांत किती खोल शिरलंय, त्यावर बाहेर पडायची किंमत ठरते. आम्ही आधी हिशेब साध्या जावा क्लासमध्ये बाहेर काढला: कंटेनर कधी मिळाला, कधी परत गेला, फ्री डेज किती, दराचे टप्पे कोणते. आत जातात तारखा आणि टप्पे, बाहेर येते रक्कम. जुनी बिलं घेऊन त्यांच्या रकमा जुळतात का ते पाहिलं. मग स्ट्रट्सच्या ॲक्शनलाच या नव्या क्लासला हाक मारायला लावली, आणि ते स्थिरावल्यावर पान स्प्रिंगकडे नेलं. क्रम हाच ठेवा.

स्प्रिंगही तसंच शिरू शकतं, हे सांगितलंच पाहिजे. त्याची ॲनोटेशनं (कोडवर लावायच्या सूचनांच्या खुणा) इतकी सोयीची आहेत की बघता बघता ती हिशेबाच्या क्लासवरही चढतात. आमच्या हिशेबाच्या पॅकेजमध्ये स्प्रिंगचा एकही इम्पोर्ट चालत नाही, आणि ते आर्कयुनिट या कोडची रचना तपासणाऱ्या साधनाची एक छोटी टेस्ट राखते. कुणी इम्पोर्ट केला की बिल्ड मोडतो. उद्या स्प्रिंग सोडावं लागलं तर हा भाग उचलून नेता येईल.

बूट २.७ वरून ३ वर जाताना काय काय अडतं ते वेगात सांगते. जावाएक्सच्या जागी जाकार्ता हा बदल आंधळेपणानं सगळीकडे करू नका. जावाएक्स एसक्यूएल, जावाएक्स क्रिप्टो ही पॅकेजं जेडीकेची आहेत, त्यांचं नाव बदललेलं नाही. ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं साधन हे काम समजून-उमजून करतं, ते वापरा. जावा ११ मध्ये जेडीकेतून जेएएक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट जोडणारा भाग) काढलं, एक्सएमएलची कामं असतील तर ते वेगळं जोडावं लागतं. डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेटच्या ६ व्या आवृत्तीत शोधाच्या अटी लिहायची त्याची जुनी क्रायटेरिया पद्धत उरलेली नाही. ज्यांचे शोधाचे पडदे त्यावर आहेत त्यांनी ते काम २.७ वर असतानाच उरकावं. स्प्रिंग ६ मध्ये टाइल्सचा (पानांचा सामाईक साचा जोडायच्या जुन्या साधनाचा) आधार काढलाय, आमचा सगळा साचा टाइल्सवर होता, तो थाइमलीफच्या फ्रॅगमेंटवर आणला. पत्त्याच्या शेवटी जादा तिरकी रेघ असली तर पूर्वी चालायचं, आता ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असं उत्तर येतं. आणि बूट ३.२ पासून पॅरामीटरचं नाव कंपाइलरला ‘पॅरामीटर्स’ हा पर्याय दिल्याशिवाय ओळखलं जात नाही. मेवन किंवा ग्रेडल या बिल्डच्या साधनांमध्ये बूटची नेहमीची मांडणी असेल तर ते आपोआप होतं, जुन्या अँटच्या बिल्डमध्ये नाही.

सगळ्यांत जास्त डोकं खातं ते स्प्रिंग सिक्युरिटी. ५.७ मध्ये ज्या ॲडॅप्टर क्लासला एक्सटेंड करून सगळे कॉन्फिगरेशन लिहायचे तो जुना ठरवला आणि ६ मध्ये काढूनच टाकला. नवी पद्धत जास्त स्वच्छ आहे, मला आवडते. पण इंटरनेटवरची निम्मी उत्तरं अजून जुन्या पद्धतीची आहेत, आणि नवा मुलगा ती उचलून आणतो. इथे अधिकृत दस्तऐवजाशिवाय दुसरं काही वाचू देऊ नका. कुठला पत्ता कुणाला उघडा आहे याच्या टेस्ट आधी लिहा, मग हात घाला. या भागात ‘दिसतंय चालतंय’ पुरत नाही.

बूटच्या आपोआप कॉन्फिगरेशनबद्दल दोन मतं आहेत, माझं मत त्याच्या बाजूनं आहे, एका अटीवर. सुरू करताना डीबग चालू केलं की कुठली गोष्ट का जोडली आणि का नाही जोडली याचा पूर्ण अहवाल येतो. टीममधल्या प्रत्येकानं तो एकदा बसून वाचावा. तसंच सुरुवातीला लॉगमध्ये ओपन-इन-व्ह्यूबद्दल (पान दाखवून होईपर्यंत डेटाबेसची वाट उघडी ठेवायच्या सोयीबद्दल) एक इशारा येतो, तो बहुतेक जण वाचत नाहीत. ही सोय मूळ स्थितीत चालू असते. तिच्यामुळे पान रंगवताना मागून डेटाबेसच्या क्वेरी सुटत राहतात, आणि आमच्यासारख्या लांब तक्त्यांवर ते जाणवतं. आम्ही ती बंद केली. काही पानं लगेच मोडली, ती दुरुस्त केली, आणि पान कुठली माहिती कुठून घेतं ते कायमचं स्पष्ट झालं. ट्रान्झॅक्शनचं (सगळं झालं तरच डेटाबेसमध्ये नोंद, नाहीतर काहीच नाही, या सोयीचं) ॲनोटेशन लावलेली मेथड त्याच क्लासमधून हाक मारल्यावर ते ॲनोटेशन लागू होत नाही, ही जुनी खोच आजही आहे. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगा.

आधाराचं वेळापत्रक हा स्प्रिंग बूटचा सगळ्यांत महागडा भाग, परवाना फुकट असला तरी. नवी आवृत्ती साधारण मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आणि प्रत्येकीला मोफत आधार वर्षभराच्या आसपास. म्हणजे दर वर्षी अपग्रेडचं काम ठरलेलंच. मालकांना हे आधी सांगा आणि बजेटमध्ये ओळ घाला. आम्ही ते काम पावसाळ्याच्या आधी करतो, कारण मार्चअखेरची धावपळ संपलेली असते आणि सणांच्या मालाची गर्दी अजून सुरू व्हायची असते. ज्यांना दर वर्षी हात लावायचाच नाही, अशांनी एकतर विकतचा आधार घ्यावा किंवा फ्रेमवर्क जितकं कमी वापरता येईल तितकं कमी वापरावं.

जावा २१ वर गेल्यावर बूट ३.२ पासून एक प्रॉपर्टी चालू केली की विनंत्या व्हर्च्युअल थ्रेडवर (जावाच्या हलक्या, स्वस्त थ्रेडवर) जातात. आमच्याकडे बाहेरच्या सेवांच्या उत्तराची वाट बघण्यात वेळ जातो, त्यामुळे याचा उपयोग झाला. मात्र डेटाबेसच्या कनेक्शनची संख्या तीच राहते, तिथे रांग लागते, ते लक्षात घेऊनच चालू करा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्प्रिंग बूट ४.० आलं आहे. किमान जावा १७ चीच अट आहे, पण जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीचा मजकुरी साचा) वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या जॅक्सनच्या आवृत्ती ३ वर उडी आहे, आणि तिथे पॅकेजची नावं पुन्हा बदलली आहेत. आज स्ट्रट्सवरून निघणाऱ्यानं २.७ ची पायरी चढून ३.५ वर यावं, तिथे जुनं झालेलं म्हणून येणारे सगळे इशारे साफ करावेत आणि मगच ४ कडे वळावं. आम्ही सध्या त्या इशाऱ्यांच्याच कामात आहोत.